माल्टाचे सात दिवस

माल्टाच्या सहलीत शेजारचं इटलीचं सिसिली बेटही उरकायचं ठरवलं असेल, तर पहिलं काम, यादीतून सिसिली काढा. सात दिवस एकट्या माल्टालाच हवेत. शेंगेन व्हिसा हातात पडला की लगेच हॅल सॅफ्लिएनीच्या हायपोजियमचं बुकिंग करा. पाच हजार वर्षांपूर्वी खडकात खोदलेलं हे भुयारी दफनस्थान आहे. एका वेळी फक्त १० जणांना आत सोडतात, त्यामुळे तिकिटं कितीतरी आठवडे आधीच संपतात.

मुक्काम राजधानी व्हॅलेटात ठेवा, बहुतेक बस तिथूनच सुटतात. सेंट जॉन्स कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. तिथे इटालियन चित्रकार कॅराव्हॅजोच्या १६०८ च्या, संत योहानाच्या शिरच्छेदाच्या चित्रासमोर घाई करू नका. योहानाच्या मानेतून सांडलेल्या रक्तात चित्रकाराने स्वतःची सही केली आहे, ती नीट शोधा. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र!

शेजारच्या गोझो बेटावर मात्र एक रात्र राहाच. माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून फेरीबोट साधारण २५ मिनिटांत पोचवते. तिथली जिगांतियाची मंदिरं पिरॅमिडांपेक्षा जुनी आहेत. दुपारच्या उन्हाआधी बघा. जुलै-ऑगस्ट टाळलेलेच बरे.

शाकाहारी असाल तर रिकोटा किंवा मटार भरलेली गरम पास्तिझ्झी (खुसखुशीत पेस्ट्री) खा, पण पिठात चरबी आहे का ते आधी विचारून घ्या.