अँबॅसिडरखाली तेल पडतंय? इंजिन उतरवायच्या आधी हे बघा

तुमची गाडी मार्क २, १४८९ सीसी पेट्रोल, दादरच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग, सेक्रेटरींची कटकट आणि मेकॅनिक म्हणतोय मागचं ऑइल सील गेलं, इंजिन उतरवावं लागेल. त्याला एवढंच विचारा, कुठलं सील? या इंजिनाला मागे रबरी सील नसतंच मुळी.

हे बीएमसीचं (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) जुनं बी सिरीज इंजिन, तीन मेन बेअरिंगवालं, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) तीन ठिकाणी पेललेला. क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे पाडलेले असतात, क्रँक फिरताना बाहेर यायला निघालेलं तेल हे आटे परत आत ढकलतात. इंजिन बंद केलं की अडवणारं कोणी नाही, त्यामुळे थोडंफार ठिबकणारच, ते डिझाइनमधेच आहे.

पण डबकं साचत असेल तर कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. पहिलं बघा ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी वाट. मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) खाली इंजिनच्या बाजूला टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) दोन पत्र्याची कव्हरं असतात, त्यातल्या एकावरून ब्रीदरचा पाइप निघतो, तो काजळीने चोंदलेला असतो नाहीतर कुठल्यातरी महाभागाने धूर येतो म्हणून बूच मारलेलं असतं. मग चेंबरमधला (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भागातला) गॅस जाणार कुठे, तो मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर पडतो आणि ते आटे बिचारे काय करणार. पाइप साफ करून गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला तेल भरायचं झाकण काढा, भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या. अशा इंजिनाला मागून काहीही करा, तेल येतच राहणार.

दुसरं, ते तेल खरंच मागचंच आहे का? वरचं रॉकर कव्हर, ती बाजूची कव्हरं, ऑइल प्रेशरच्या पाइपचा जॉइंट, कुठूनही गळलं तरी चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं आणि बेल हाऊसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचावरून) टपकतं. रॉकेल आणि ब्रशने सगळं इंजिन धुवा, कोरडं करा, वरून टाल्कम पावडर मारा, वरळीपर्यंत चक्कर मारून या आणि टॉर्च घेऊन खाली बघा, पावडरवर ओघळ कुठून सुरू झालाय ते स्पष्ट दिसतं. तो बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातूनच असेल तरी वास घ्या, कधीकधी ते गिअरबॉक्सचं तेल निघतं.

तेल मोजायच्या पट्टीवरच्या मॅक्सच्या खुणेवर तेल भरू नका. नवीन गाड्यांचं पातळ सिंथेटिक तर अजिबात नको, साधं मिनरल २०डब्ल्यू५० (जाड ग्रेडचं) घाला. आणि गाडी रँपवर नाक वर करून उभी राहत असेल तर उलटी लावा, सगळं तेल मागे जमतं हो. बाकी बाटलीतली लीक बंद करायची औषधं म्हणाल तर इथे फुगायला रबरच नाही, पैसे वाया.

क्लच घसरायला लागला किंवा सोडताना गाडी थरथरली तर मात्र प्लेटला तेल लागलंय असं समजा, तेव्हा इंजिन उतरवावंच लागेल. मग मेन बेअरिंगचे शेल (आतल्या अर्धगोल पट्ट्या) नक्की बदला, ते झिजले की क्रँक खाली बसतो आणि आट्यांची फट एका बाजूला वाढते. चेंबरच्या पॅकिंगमधे मागच्या बेअरिंग कॅपखाली कॉर्कची पट्टी असते, ती नीट बसली पाहिजे, वर सिलिकॉनची ट्यूब थापू देऊ नका, त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मागे रबरी लिप सील बसवायची किट इंग्लंडमधे या इंजिनासाठी मिळतात, पण रिंगा आणि ब्रीदर ठीक केल्याशिवाय त्यावर खर्च करू नका. आधी तो ब्रीदर बघा आणि झाकण काढल्यावर किती धूर आला ते इथे सांगा.