दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधली साधी घरं काय जेवत होती, आणि विजयाचा दिवस कसा साजरा झाला?

शेफील्डला शिकायला गेलो तेव्हा ज्या बाईंच्या घरी मी भाड्याने राहायचो, त्यांचा जन्म १९३४ चा. रविवारी त्यांच्यासोबत बटाटे सोलता सोलता जे ऐकलं, तेच इथे लिहितोय.

रेशन सुरू झालं ८ जानेवारी १९४० ला. आधी बेकन, लोणी, साखर. मग मांस, चहा, चीज. चहा आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. मी एकदा तेवढा मोजून पाहिला. आमच्याकडे दोन दिवसांत उडेल. लोणीही साधारण तेवढंच. अंडं एक, तेही आलं तर. (मांस न खाणाऱ्यांना त्याऐवजी जास्तीचं चीज मिळायचं.) बाईंची आई प्रत्येकाचं लोणी वेगळ्या बशीत ठेवायची, भांडणं नकोत म्हणून. धाकटा भाऊ सोमवारीच आपली बशी चाटूनपुसून साफ करायचा आणि उरलेला आठवडा इतरांच्या बशांकडे बघत बसायचा.

पाव आणि बटाटे युद्धभर रेशनबाहेर होते, त्यावरच पोटं भरली. पाव मात्र करडा, जाडाभरडा. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा एक 'पाय' (pie, वर आवरण घालून भाजलेला पदार्थ) होता: आत बटाटे, गाजर, फ्लॉवर, ओट्स. कृती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या शेफची. ती हॉटेलातच ठेवायला हवी होती, असं बाईंचं मत.

खरे हाल कांद्याचे. कांदा यायचा तो फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांवरून; ती जर्मनांच्या हाती गेली आणि १९४० च्या हिवाळ्यात बाजारातून कांदा गायब झाला. लोक सोडतीत बक्षीस म्हणून कांदा ठेवायचे! बाईंच्या वडिलांनी परसातले गुलाब उपटून कांदे लावले. मी फोडणीला दोन-दोन कांदे चिरायचो, तेव्हा बाई नुसत्या बघत राहायच्या.

८ मे १९४५, मंगळवार. गल्लीत घराघरातली टेबलं एकाला एक जोडली, वर चादरी अंथरल्या. कधीपासून दडवून ठेवलेले पीचचे डबे, जेलीची पाकिटं बाहेर आली. माशाची पेस्ट लावलेली सँडविचेस होती, कोणीतरी पियानोही ढकलत आणला. तीन वाजता खिडकीतल्या रेडिओवर चर्चिल बोलले; पोरांचं लक्ष जेलीकडे. रात्री हिटलरचा पुतळा जाळला, अगदी आपल्या होळीसारखा. ब्लॅकआउटमुळे इतकी वर्षं उघड्यावर जाळ करायलाच बंदी होती, त्यामुळे धाकट्याने असा जाळ प्रथमच पाहिला. तो घाबरून रडला.

त्याच महिन्यात बेकन चार औंसांवरून तीनवर आलं. जुलै १९४६ मध्ये तर पावही रेशनवर गेला, जो युद्धात कधी गेला नव्हता! बाईंची आई त्यावर मरेपर्यंत चिडून होती. साखर रेशनमधून सुटली सप्टेंबर १९५३ मध्ये, आणि बाईंचं लग्न त्याच वर्षीच्या जूनमधलं. राणीच्या राज्याभिषेकानिमित्त सरकारने माणशी एक पौंड जादा साखर दिली होती. दोन्ही घरांतली ती सगळी लग्नाच्या केकात गेली.