लाली दिसलीच नाही, तर?

प्रश्न : मॅडम, मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात डॉक्टर होणारी मी पहिलीच. मागच्या महिन्यात त्वचारोगाच्या तासाला सरांनी चाळीसेक स्लाइड दाखवल्या, सगळ्या गोऱ्या कातडीच्या. मी विचारलं, ‘‘सर, माझ्यासारख्या काळ्या रंगावर हे पुरळ कसं दिसेल?’’ सर म्हणाले, ‘‘ये पुढे, तुझाच हात दाखव सगळ्यांना.’’ वर्ग हसला. मी जागची हलले नाही. तेव्हापासून मी तासाला तोंड उघडलेलं नाही. माझं चुकलं का?

उत्तर : नाही. विचारलंस ते बरोबर, आणि पुढे गेली नाहीस तेही बरोबर. तुझा प्रश्न वैद्यकशास्त्राचा होता आणि त्याचं उत्तर देणं सरांचं काम होतं. तुझा हात म्हणजे वर्गातला तक्ता नव्हे.

आता माझी एक चूक सांगते. मी निवासी डॉक्टर होते. वॉर्डात एक सावळ्याहून काळ्या रंगाची बाई पाय दुखतो म्हणून दाखल झाली. जंतुसंसर्ग असेल तर कातडी लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी असते, हे मला तोंडपाठ होतं. मी लाली शोधली. ती दिसली नाही, म्हणून स्नायूंचं दुखणं असं लिहून वेदनाशामक दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. रात्रपाळीच्या सिस्टरनी तिच्या दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू टेकवून पाहिली आणि मला बोलावलं. त्यांचा स्वतःचा वर्णही तसाच होता. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आमच्या कातडीवर लाल दिसत नाही, जांभळट दिसतं. हात लावून बघा, हा पाय तापलाय.’’ तोवर बाईंना थंडी वाजून ताप भरला होता. अँटिबायोटिक एक दिवस उशिरा सुरू झालं आणि त्या एका दिवसापायी त्यांना तीन आठवडे खाटेवर काढावे लागले. लाल म्हणजे कोणाच्या कातडीवर लाल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तू विचारलंस.

म्हणून सरांनी द्यायला हवं होतं ते उत्तर मी देते. गडद कातडीवर दाह जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, कधी डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी बोटांनी ऊब, ताण आणि सूज चाचपायची, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहायची. रक्त कमी आहे का हे खालच्या पापणीच्या आत आणि जिभेवर पाहायचं. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा ओठांवरून कळत नसेल तर जीभ बाहेर काढायला सांगायची. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि जिभेखाली पाहायची, तीही दिवसाच्या उजेडात.

उपकरणंही याच चुकीतून सुटलेली नाहीत. पल्स ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून ऑक्सिजनचा अंदाज करतो. अमेरिकेतला एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत आढळलं, तर गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के. ज्याला श्वास पुरत नाही त्याला यंत्र ठीक म्हणत होतं.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर गडद कातडीवरची लक्षणं दाखवणारी ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका तयार केली. तो तेव्हा दुसऱ्याच वर्षाला होता, आणि त्यालाही वर्गात तुझाच प्रश्न पडला होता. एवढ्यासाठी हे सांगितलं की विद्यार्थ्याने असं काही करणं म्हणजे आगाऊपणा नाही.

आता पुढे काय करायचं? सरांकडे एकटी जाऊ नकोस. वर्गातल्या दोघातिघांना घे. त्यात हसलेल्यांपैकी एक असला तर फारच चांगलं, कारण उद्या गडद कातडीचा रुग्ण त्याच्याही खाटेवर येणार आहे. मागणी एकच ठेवा : प्रत्येक आजाराची निदान दोन चित्रं, दोन वेगळ्या वर्णांवरची. आणि परीक्षेतही तशी चित्रं यावीत, हे आवर्जून मागा. मुलं परीक्षेला येतं तेच वाचतात, हे मी इतकी वर्षं पेपर तपासून सांगते. वर्गात झालेला अपमान वेगळा सांग, शांतपणे, त्यांच्या खोलीत. सर कदाचित ओशाळतील. न ओशाळले तर विभागप्रमुखांना लेखी दे. आणि उद्याच्या तासाला हात वर कर, प्रश्न कुठलाही असो.

प्रश्न : मी नर्सिंगची शिक्षिका आहे. यंदा एक विद्यार्थिनी श्रवणयंत्र लावते. स्टेथोस्कोपने तिला ऐकू येईल का? सहकारी म्हणतात, तिला प्रात्यक्षिकातून सूट द्यावी.

उत्तर : सूट देऊ नका. सूट म्हणजे तिला न शिकवता पुढे ढकलणं. आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतात, काही थेट श्रवणयंत्राला जोडता येतात, काहींत हृदयाच्या ठोक्यांचा आलेख पडद्यावर दिसतो. कोणता तिला चालेल हे तिला आणि तिच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, विचारा. ती ओठ वाचत असेल तर तुमच्या तोंडावरचा मास्क ही तिची खरी अडचण आहे. समोरून पारदर्शक असलेले मास्क मागवा. खाटेपाशी शिकवताना पाठमोरं बोलू नका. पहिल्या आठवड्यातच तिला एकटीला बोलावून विचारा, आणखी काय लागेल. ती सांगेल ते लिहून घ्या, आणि वॉर्डच्या सिस्टरना पोस्टिंगच्या आधी कळवा, पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत नको.