विचारा की! : परदेशी मदत कापली तर एवढी बोंब कशाला?

प्रश्न : ताई नमस्कार. मी रिटायर्ड शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. पुतण्या इंग्लंडात लेस्टरला नोकरीला आहे, रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचं न माझं चांगलंच वाजलं. तो म्हणतो काका, इथला निम्मा टॅक्स बाहेरच्या देशांना वाटण्यात जातो, सरकारनं ती मदत कापली ते बरंच झालं, आधी इथले दवाखाने सुधारा म्हणावं. मी म्हणलं अरे गरिबाच्या तोंडचा घास आहे तो. तर म्हणतो भारताला पण देत होते की, आणि तुम्ही तिकडं चंद्रावर यान सोडत होता! त्यावर मला काय बोलताच येईना. कोणाचं बरोबर?

उत्तर : काका, आधी त्या 'निम्म्या'चा हिशोब करू. ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नातल्या दर शंभर पौंडामागं मदतीला जात होते पन्नास पेन्स, म्हणजे ०.५ टक्के. त्याआधी ०.७ टक्के होते, २०१५ मध्ये तसा कायदाच केला होता त्यांनी, मग कोविडचं कारण काढून २०२१ पासून ०.५ वर आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार. पुतण्या एकटाच चुकतोय असं नाही हं. अमेरिकेत सर्व्हे करतात तेव्हा लोकं सरासरी सांगतात की सरकारी बजेटचा पाव हिस्सा परदेशी मदतीवर जातो, आणि प्रत्यक्षात जात होता एक टक्क्याच्या आसपास.

आता त्याला एकच विचारा, वाचलेले पैसे दवाखान्यात गेले का? नाही गेले. ते संरक्षण खर्च वाढवायला म्हणून जाहीर झाले, आणि त्यावरून परदेशी मदतीचं खातं सांभाळणाऱ्या मंत्री ॲनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. अजून एक गंमत म्हणजे २०२३ मध्ये त्या मदतीतला पावापेक्षा जास्त पैसा ब्रिटनमध्येच खर्च झाला, आश्रय मागायला आलेल्या लोकांच्या हॉटेलांची बिलं वगैरे. जेवणावळ घातली म्हणायचं आणि पाव पंगतीला घरचेच बसवायचे, तसलं.

चंद्राचं मात्र तो बरोबर बोलतोय, त्यात लाजायचं काय नाही. आपले तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जीच संसदेत म्हणाले होते की आपल्या विकासखर्चापुढं ही मदत शेंगदाण्याएवढी आहे, आम्हाला नको. (सोलापूरकरानं शेंगदाण्याला कमी लेखलेलं मला पटत नाही, पण असो.) मग २०१२ मध्ये ब्रिटननं जाहीर केलं, चालू कामं पूर्ण करू, नवीन अनुदान देणार नाही, २०१५ ला बंद. झालं पण बंद. कुठं आरडाओरडा ऐकलात? कारण तीन वर्षं आधी सांगितलं होतं. माझं म्हणणं तेवढंच आहे, किती कापलं यापेक्षा कसं कापलं ते बघा.

प्रश्न : मॅडम मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मला तर ट्रम्पनं परदेशी मदत थांबवली ते पटलं बुवा. फुकटचं खाऊन माणूस आळशी होतो तसा देश पण होतो. नळ बंद केला की लोकं स्वतः विहीर खणतात. चूक असेल तर सांगा.

उत्तर : अर्धं पटतं भाऊ. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्लाय त्यांनी. आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी (मजुरांना वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची आणि घरी मिलोची भाकरी. ती म्हणायची थापताना कडंला चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तीन तुकडे, आणि मालदांडीची सवय असलेल्या तोंडाला ती जायचीच नाही, पण खाल्ली. नंतर आयुष्यभर तिनं लाल रंगाची ज्वारी दारात येऊ दिली नाही. त्याच्या आधी साठच्या दशकात अमेरिकेच्या पीएल ४८० या कायद्याखालचा गहू यायचा, तो पण फुकट नव्हता, रुपयात विकत घ्यायचो आपण, आणि १९६५ नंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी तो महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडायला सुरुवात केली, व्हिएतनामवर भारत टीका करतो हा राग आणि शेतीकडं लक्ष द्या हा दट्ट्या, दोन्ही त्यात. जहाज बंदराला लागलं तर रेशन. तेव्हा तुमची विहीर खणली आपण, मान्य आहे, हरितक्रांती झाली. पण तिच्या बियाणाच्या संशोधनात पण अमेरिकन फाउंडेशनचा पैसा होताच, आणि विहीर खणेपर्यंत गहू येत होता, थेंबथेंब का होईना.

२०२५ मध्ये काय झालं ते तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगते. आमच्या वडिलांचे चार माग होते. एका व्यापाऱ्यानं टॉवेलची ऑर्डर दिली, सूत आणलं, सूत गुंडाळलेलं बीम मागावर चढलं, निम्मं कापड विणून झालं आणि फोन आला, कॅन्सल. ऑर्डरच दिली नसती तर वडलांनी दुसरं काम धरलं असतं, पण मागावर चढलेलं बीम तसंच उतरवायचं म्हणजे सूतही गेलं, मजुरीही गेली. सहा महिने उधारी फेडत होते. २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्प यांनी ९० दिवस सगळी मदत थांबवायचा आदेश काढला, पाठोपाठ चालू कामं जागच्या जागी सोडा म्हणून निरोप. बंदरात, गोदामात, वाटेत असलेलं ४८ कोटी ९० लाख डॉलरचं धान्य सडायची भीती आहे असा रिपोर्ट ही मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेच्याच तपास अधिकाऱ्यानं फेब्रुवारीत दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यालाच काढून टाकलं. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी सांगितलं ८३ टक्के कार्यक्रम रद्द, आणि १ जुलैला १९६१ सालची ती यूएसएड संस्थाच बंद.

आता बिस्किटांचं ऐका. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या मुलांसाठी घेतलेली जवळपास ५०० टन शक्तीची बिस्किटं दुबईच्या गोदामात पडून मुदत संपली. साधारण १५ लाख मुलांना आठवडाभर पुरली असती म्हणे. पैसे आधीच दिलेले, माल तयार, वाटायची सही तेवढी कोण करेना, शेवटी ती जाळून टाकायला वरून अजून खर्च. यात टॅक्सवाल्याचा कुठला रुपया वाचला ते मला तरी कळलं नाही. भाऊ, ही आपली सुकडीच की हो, फक्त पाकिटातली.

आणि हे तिकडंच राहिलं असं पण नाही, हैदराबादला ट्रान्सजेंडर लोकांसाठीचा मित्र क्लिनिक याच पैशावर चालायचा, तो बंद पडला. इथून हैदराबाद किती लांब आहे तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न : आपण घेतलं घेतलं म्हणता, भारत कधी कोणाला देतो का? (एक विद्यार्थिनी, अशोक चौक)

उत्तर : देतो की. २०२५-२६ च्या बजेटात एकट्या भूतानला २१५० कोटी होते, मालदीवला ६००. यात शेजार सांभाळायचा हिशोब असतोच, कोणीच निव्वळ पुण्यासाठी देत नाही.

पण तू सोलापूरची आहेस तर एक उदाहरण जवळचं. १९३८ मध्ये आपला देशच पारतंत्र्यात होता, तेव्हा काँग्रेसनं लढाईत होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यातले एक डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आपल्या सोलापुरात जन्मलेले. बाकीचे चौघं परत आले, हे तिथंच राहिले, तिथंच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच गेले, वय ३२. भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक केलंय. चीनचे पाहुणे येतात, हार घालतात, फोटो काढतात. अशोक चौकातून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं लागतील. आणि वरचे काका, पुतण्या सुट्टीला आला की त्याला पण न्या एकदा.