पाखंड म्हणजे ढोंग नव्हे

प्रश्न असा आहे : अशोकाच्या लेखांतला ‘पासंड’ म्हणजे आपलाच ‘पाखंड’ का? मग बुद्धाचा उपासक असलेला राजा पाखंड्यांना दानं कसा देतो? आणि लिहायचं ‘पाखंड’ की ‘पाषंड’?

हल्ली एखादा भोंदू बाबा पकडला की बातमीदार त्याला ‘पाखंडी’ म्हणून मोकळे होतात. हिंदी वाहिन्यांची कृपा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात शब्दानेही सत्कार करू नये अशांची यादी आहे. तीत पाषंडी आहेत, आणि सोंगाडे बैडालव्रतिक व बकवृत्ती वेगळे मोजलेत. म्हणजे मनूलाही पाषंडी आणि ढोंगी यांतला फरक कळत होता. पाषंडी म्हणजे वेदबाह्य मताचा.

अशोकाकडे तर तेवढाही डंख नाही. लुंबिनीचा कर माफ करणारा, गौतमाआधीच्या कोनागमन बुद्धाचा स्तूप दुप्पट करवणारा हाच राजा बिहारमधल्या बराबरच्या टेकडीत आजीविक या वेगळ्या पंथाच्या साधूंना लेणी देतो. गिरनारच्या बाराव्या लेखात तो ‘सव पासंडानि’ पूजतो आणि बजावतो की ‘आत्पपासंडा’ची (आपल्या) स्तुती नि ‘परपासंडा’ची (दुसऱ्याच्या) निंदा करताना जीभ आवरा. स्वतःच्याच पंथाला कोण शिवी देईल? पासंड म्हणजे पंथ, बस्स.

जुने टीकाकार सांगतात, ‘पा’ म्हणजे वेदधर्माचं पालन, त्याचं खंडन करतो तो पाखंड. काय हा कल्पनाविलास! शब्द आधी बदनाम झाला, मग बदनामीला साजेशी फोड शोधली. अशोकाच्या लेखांत हा ‘ख’ मुळी नाहीच. उत्तरेकडे ‘ष’चा ‘ख’ करतात, भाषाची भाखा झाली तसा हा आला. तेव्हा संस्कृतात पाषंड, मराठीत पाखंड, दोन्ही बरोबर.

माझ्या मते मूळ शब्द ‘पार्षद’, म्हणजे परिषदेतला. पुरावा आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला. तिथल्या खरोष्ठी लिपीतल्या अशोकाच्या लेखात ‘प्रषंड’ आहे. हा लेख ‘धर्म’ला ‘ध्रम’ आणि ‘प्रियदर्शी’ला ‘प्रियद्रशि’ लिहितो, म्हणजे रफार उचलून आधीच्या अक्षराला जोडतो. दीर्घ ‘आ’ तर खरोष्ठीत दाखवतच नाहीत. आता ‘प्रषंड’मधला ‘र’ जागेवर ठेवून पाहा : पार्षंड! यावर व्याकरणवाले विचारतात, अनुस्वार कुठून आणला? प्राकृतात वक्रचं वंक होतं तेव्हा मात्र ते गप्प असतात. ‘द’चा ‘ड’ व्हायला शेजारचा ‘ष’ पुरेसा आहे.

कंदाहारला 1963 मध्ये याच बाराव्या लेखाचा ग्रीक तुकडा सापडला. त्यात पासंडासाठी ‘दियात्रिबे’ हा शब्द आहे. ग्रीकांकडे तो तत्त्वज्ञांच्या संप्रदायाला लावत. अशोकाच्या भाषांतरकाराला अर्थ अचूक कळला होता. पुढे इंग्रजीत जाऊन त्याच शब्दाचं ‘डायट्राइब’ झालं, म्हणजे जहरी टीका. योगायोगच, पण मला भारी आवडतो.