फासे खेळाडूला दिसू देत

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळावरून तू केलेल्या कॉम्प्युटर गेमची नवी आवृत्ती खेळलो. लढाई रंगते. पण तीन फाशांच्या जागी तू कॉम्प्युटरला थेट ३ ते १८ मधला कुठलाही आकडा काढायला सांगितलायस, ते आधी बदल. सहा बाजूंचे तीन फासे टाकले की २१६ शक्यता होतात. त्यांत १८ येण्याची एकच, १० येण्याच्या २७. तुझ्याकडे दोन्हींना सोळांत एक संधी. ज्या १८ ला टेबलाभोवतीचे सगळे ओरडून उठतात, तो तू इतर आकड्यांइतकाच स्वस्त केलास. तीन फासे वेगवेगळे टाक, मग बेरीज कर, आणि ते पडताना दिसू देत. बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममध्ये सलग अपयशाला आवर घालणारी ‘कर्मिक डाइस’ची सोय आहे. तूही तशी दे हवं तर, पण ती मुळात बंद असू दे.

आता शील्डचा मंत्र. खेळ अडू नये म्हणून तू तो आपोआप चालवतोस. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत वार लागल्याचं कळल्यावर जादूगार हा मंत्र वापरू शकतो आणि त्याचा बचाव ५ ने वाढतो. पण अशी प्रतिक्रिया त्याला पुढची पाळी येईपर्यंत एकदाच देता येते, शिवाय मंत्राचा एक स्लॉट, म्हणजे मोजक्या वापरांतला एक, खर्ची पडतो. समोरच्या फुटकळ गोब्लिनवर तो उधळायचा, की मागून येणाऱ्या धिप्पाड ओगरसाठी राखायचा? खेळाची सगळी गंमत या घालमेलीत आहे, आणि तुझा कोड ती परस्पर मिटवून टाकतो. सोलास्टा (२०२१) हा कॉम्प्युटर गेम इथे थांबून विचारतो. तूही विचार. चाचणी करणारे ‘सारखं थांबतं’ म्हणून कुरकुरतील, तरी तो प्रश्न काढू नकोस.

आता पाळ्या. १९९८ च्या बाल्डर्स गेटने त्या सोडून सहा सेकंदांच्या फेऱ्या अखंड चालवल्या, हवं तेव्हा थांबवायची सोय ठेवून. २००३ चा टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल पाळ्यांनाच धरून राहिला. तुझे नियम एकेक पाऊल मोजणारे आहेत. तू पाळ्याच ठेव.

सगळ्यांत अवघड गेममास्टर, म्हणजे टेबलावर खेळ चालवून निकाल देणारा. एखादी खेळाडू म्हणते, ‘जिन्यावर कंदिलातलं तेल ओतते.’ नियम नसतो, तरी तो क्षणभर विचार करून म्हणतो, ‘ठीक, घसरतो का बघू, फासा टाक.’ ही समज कोडमध्ये येणार नाही. म्हणून तेल, पाणी, आग अशा थोड्याच गोष्टी घे, पण त्या सगळीकडे सारख्या चालू देत. एका जिन्यावर शत्रू घसरला आणि दुसऱ्यावर नाही, की खेळाडूचा विश्वास उडालाच.

परवानगीची काळजी नको. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला खुले आहेत. श्रेय तेवढं नीट दे.

रविवारी आमच्याकडे मंडळी जमतात. शील्डसाठी थांबून विचारणारी आवृत्ती घेऊन ये. आधी तोच प्रसंग टेबलावर खेळू, मग कॉम्प्युटरवर, आणि कोण कुठे विचारात पडतं ते तू लिहून घे.

तुझा,
काका