आधी पापणी पाहा, पळसबी नंतर

दारव्ह्याकडून आपण विचारले आहे की, पोळ्यानंतर बारापैकी दोन शेळ्या मलूल झाल्या आहेत, एकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली आहे, आणि जंत पाडण्यासाठी व रक्त वाढवण्यासाठी आपल्याला केवळ झाडपाल्याचाच उपाय करावयाचा आहे. माझ्या कोठ्यात अनेक वर्षे शेळ्या आहेत आणि पळसाच्या बिया मीही कुटल्या आहेत. तरीही या दोन शेळ्यांपुरते माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

पावसाळ्यात शेळीचे रक्त पिणारा मुख्य जंत म्हणजे हिमॉन्कस. तो आतड्यात नव्हे, तर चौथ्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असल्यास रोज ५० मिलिलिटर. आणि २५ किलोच्या शेळीच्या अंगात सारे मिळून जेमतेम पावणेदोन लिटर रक्त असते. रक्तातील प्रथिन घटले की पाणी जबड्याखाली उतरते, तीच आपण पाहिलेली सूज. या जंताने हगवण बहुधा लागत नाही, लेंडी नीट बांधलेली पडते, आणि मालक गाफील राहतो.

पळसबी आणि वावडिंग ही आयुर्वेदातील जुनी कृमिघ्न द्रव्ये आहेत, हे खरेच. परंतु इथे एक फसगत होते, आणि ती माझी झालेली आहे. पळसबीची पूड दिल्यावर लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले आणि मी निश्चिंत झालो. ते तुकडे पट्टकृमीचे होते, जो शेळीला फारसे अपाय करत नाही, आणि त्याचे तुकडे औषध न देताही लेंडीत पडतातच. हिमॉन्कस लेंडीत डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती त्याची अंडी, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. पळसबी दिलेली माझी ती पाट (तरुण शेळी) आठवड्याने दगावली.

म्हणून आज उजेडात प्रत्येक शेळीची खालची पापणी हलकेच उलटून आतला रंग पाहा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली फमाचा नावाची पद्धत याच रंगाच्या पाच पायऱ्या करते: लालभडक म्हणजे पहिली, कागदासारखी पांढरी म्हणजे पाचवी. लाल व गुलाबी पापणीच्या शेळ्यांना औषधाची घाई नको. फिकट दिसेल तिला मात्र पशुवैद्यकाकडून वजनावर ठरवलेले जंतनाशक द्यावे. शेळीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीच्या मापाने दिलेली मात्रा तिला बरेचदा अपुरी पडते आणि अपुऱ्या मात्रेतून औषधाला न जुमानणारे जंत मागे उरतात. शेळी गाभण असल्यास तसे आधी सांगावे, कारण अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या सुरुवातीच्या महिन्यात धोक्याचे आहे; पळसबीही गाभणीला देऊ नये. पांढऱ्या पापणीच्या शेळीला रानात पिटाळू नका, पळवूनही धरू नका. तेवढ्या धापेनेही ती कोसळते.

(भंडारा-गोंदियाकडील धानाच्या बांध्यांत व तलावांकाठी चरणाऱ्या शेळीत हीच सूज गोगलगायीमार्फत येणाऱ्या यकृतातील चपट्या कृमीनेही येते. तिथे औषध वेगळे लागते, म्हणून लेंडीची तपासणी टाळू नये.)

आता रक्ताविषयी. जंत पडले म्हणजे रक्त भरले, असे होत नाही. रक्त प्रथिनातून, लोहातून, तांब्यातून आणि कोबाल्टपासून पोटात तयार होणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वातून बनते, आणि त्याला काही आठवडे लागतात. इथे झाडपाला खरोखर कामाचा आहे: शेवग्याचा पाला, थोडा सुबाभळीचा पाला (एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, कारण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते), तुरीचे व हरभऱ्याचे कुटार, आणि हळूहळू वाढवत नेलेली मूठ-दोन मूठ सरकी ढेप, सोबत खनिज मिश्रण. तांबे लागते म्हणून मोरचुदाचे (तांब्याच्या निळ्या क्षाराचे) पाणी पाजण्याची जुनी रीत मात्र सोडा. जास्त झालेले तांबे यकृतात साठून जनावर मारते.

उरलेल्या दहांसाठी बाभळीचा पाला आणि शेंगा अवश्य द्या. त्यांतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जंतांची वाढ व अंडी घालणे काही प्रमाणात रोखले जाते. पण जास्त टॅनिनने चारा पचत नाही, तेव्हा तो एकमेव आहार होऊ नये. याहून मोठा लाभ चरण्याच्या वेळेत आहे. जंताची पिल्ले दवाच्या ओलीने गवतावर चढतात आणि बुडाकडच्या चार बोटांतच अधिक असतात, म्हणून दव सुकल्यावरच शेळ्या सोडाव्यात, बुडापर्यंत खरडलेल्या पडीत रानात महिना-दीड महिना नेऊ नयेत, आणि बोरी-बाभळीचे डहाळे तोंडाच्या उंचीवर टांगावेत. शेळी मुळात वरचे खाणारीच आहे.

औषध दिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्या दोघींची लेंडी पुन्हा तपासून घ्या. अंडी तितकीच निघाली, तर तेच औषध दुप्पट पाजू नये. वेगळ्या गटातील औषध पशुवैद्यकाला मागावे.